बोर्डो मिश्रण बिघडतं कुठे? तांब्याच्या आयनाचा हिशोब, पायरी-पायरीने

पाऊस रेंगाळला की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठे महांकाळ, मिरज, पलूस पट्ट्यातल्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुना पाण्यात कालवून केलेल्या बुरशीनाशकाचे, बॅरल बाहेर निघतात. आठवड्याभरात त्याच त्या तीन तक्रारी ऐकू येतात: कोवळी पानं करपली, नोझल तुंबले, आणि एवढं करूनही डाउनी (पानांवरचा बुरशीचा रोग) आलाच. मग कुणी मोरचूदाची कंपनी बदलतो, कुणी चुना वाढवतो, कुणी निम्म्यावर आणतो. बॅरलमधलं तांबं किती मोकळं राहिलं आणि किती बांधलं गेलं, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं. तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच निघतं.

खालची सगळी कृती १०० लिटरच्या एक टक्का मिश्रणाची आहे, म्हणजे १ किलो मोरचूद. अर्धा टक्का हवं असेल तर १०० लिटरला ५०० ग्रॅम घ्या. छाटणीनंतर खोड-ओलांडा (वेलीच्या आडव्या फांद्या) धुवायला एक टक्का चालतं. पालवी कोवळी असताना अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. तुमच्या बागेच्या अवस्थेला नेमकं किती, हे पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साप्ताहिक सल्ल्यात बघा किंवा कृषी अधिकाऱ्याला विचारा. इथे विषय आहे ते मिश्रण नीट कसं बनवायचं.

## बॅरलला हात लावण्याआधी: आयन म्हणजे काय, एवढंच

धातूचा अणू इलेक्ट्रॉन देतो, अधातूचा घेतो. शाळेत शिकलेलं एवढंच बादलीला लावायचं आहे.

कॅल्शियमच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ८, २ अशी असते. शेवटचे दोन देऊन टाकले की आतलं ८ चं भरलेलं कवच बाहेर येतं आणि अणूवर दोन धन भार उरतात. हा झाला कॅल्शियमचा धन आयन. ऑक्सिजनची मांडणी २, ६. त्याला ८ पुरे करायला दोन हवे असतात. ते मिळाले की दोन ऋण भार. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले, विरुद्ध भार एकमेकांना चिकटले: कळीचा चुना तयार.

मोरचूदात गोष्ट थोडी पुढची आहे. गंधक आणि ऑक्सिजन दोघेही अधातू, दोघांनाही इलेक्ट्रॉन हवेत. म्हणून एक गंधक आणि चार ऑक्सिजन आपसांत इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात, आणि त्या पाच जणांच्या गटाला मिळून आणखी दोन लागतात. ते दोन तांब्याने दिलेले असतात. म्हणजे सल्फेटवर दोन ऋण भार, तांब्यावर दोन धन भार. मोरचूदाचा खडा हातात असतो तेव्हाच त्यातलं तांबं आयन झालेलं असतं. पाणी फक्त त्या आयनांना एकमेकांपासून सोडवतं.

बुरशीचा बीजाणू मारतो तो हा तांब्याचा आयन. द्राक्षाच्या पानाच्या पेशी मारतो तोही हाच. त्याला बुरशी कोणती आणि पीक कोणतं हे कळत नाही. नुसतं मोरचूदाचं पाणी फवारलं तर पान जळतं ते त्यामुळे. चुन्यातले हायड्रॉक्साइड आयन तांब्याला बांधून न विरघळणारा निळा साका (गाळ) बनवतात. तो पानावर चिकटून बसतो, आणि दव-पावसाच्या पाण्यात, बीजाणूच्या व पानाच्या स्रावात त्यातून थोडं थोडं तांबं सुटत राहतं. बुरशीला पुरेल आणि पानाला झेपेल इतकं. पुढची प्रत्येक पायरी हा तोल सांभाळण्यासाठी आहे.

## १. माल तपासा

मोरचूद. खडे गडद निळे, कोरडे, कडा स्वच्छ हवेत. खड्यावर पांढुरकी भुकटी दिसली तर घाबरू नका. हवेतल्या उष्णतेने खड्यातलं पाणी उडालेलं असतं, तांबं तिथेच असतं. (निळा रंगही तांब्याभोवतीच्या पाण्यामुळेच असतो. चिमूटभर मोरचूद तव्यावर तापवला तर पांढरा पडतो. तो तवा मग स्वयंपाकाला वापरू नका.) अशा मालात वजनामागे तांबं किंचित जास्त भरतं, एवढंच.

हिरवट झाक असेल तर मात्र थांबा. त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट मिसळलेलं असू शकतं. काचेच्या ग्लासात चिमूटभर विरघळवून चुन्याची निवळी (वरचं स्वच्छ पाणी) घाला. स्वच्छ मोरचूद असेल तर आकाशी साका येतो. लोखंड असेल तर मळकट हिरवट येतो आणि हवेत ठेवल्यावर तासाभरात वरून गंजासारखा तपकिरी होत जातो.

चुना. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पोतं उघडं राहिलं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये बदलतो. वजन वाढतं, कामाचे हायड्रॉक्साइड आयन कमी होतात. वर्षभर पडलेली फक्की (विरवलेल्या, म्हणजे पाणी घालून फोडलेल्या चुन्याची पूड) १ किलो घेतली तरी तिच्यातून अर्ध्या किलोचं काम होईल याची खात्री नाही.

*तपासणी:* थोडी फक्की वाटीत घेऊन तीत लिंबू पिळा. किरकोळ बुडबुडे चालतील. जोरात फसफसलं तर चुना मेलेला आहे. दुसरा आणा.

शक्य असेल तर कळीचा चुना घ्या, ढेकळांचा. ढेकूळ टणक आणि वजनाला हलकं हवं. हाताळताच ज्याचं पीठ होतं ते ढेकूळ आधीच हवा खाऊन बसलेलं असतं.

## २. भांडी निवडा, आणि बहुतेक जण नेमकं उलटं करतात

"लोखंड नको" एवढंच ऐकलेलं असतं, म्हणून चुनासुद्धा पातळ प्लास्टिकच्या बादलीत विरवला जातो आणि बादलीचा बूड मऊ होऊन बसतो. नियम पाठ करण्यापेक्षा धातूंची क्रियाशीलता लक्षात ठेवा. जास्त क्रियाशील आधी, असा क्रम लावला तर आपल्या कामापुरते धातू असे येतात: कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, तांबं. आधी येणारा धातू नंतरच्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊन द्रावणातून हुसकावतो. उलट होत नाही.

मोरचूदाचं पाणी लोखंडी बादलीत ओतलं की लोखंडाचा अणू तांब्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देतो. तांबं धातू होऊन बादलीला चिकटतं आणि लोखंड आयन होऊन पाण्यात उतरतं. ६३.५ ग्रॅम तांबं बसलं की ५६ ग्रॅम लोखंड निघून गेलं. म्हणजे विकत घेतलेलं तांबं बादलीला, बादली पाण्यात, आणि बागेवर जातं ते लोखंड. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली तर आणखी लवकर जाते, कारण जस्त लोखंडाच्याही पुढे आहे. पितळेत जस्त असतं, म्हणून तेही टाळा.

चुन्याचं तसं नाही. त्यातला कॅल्शियम लोखंडापेक्षा कितीतरी क्रियाशील आहे. लोखंड त्याला हुसकावू शकत नाही. कळीचा चुना लोखंडी घमेल्यात खुशाल विरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात मात्र कधीच नको. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून ते एरवी शांत दिसतं. चुन्याचं पाणी तो थर खातं, मग आतला धातू, आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटायला लागतात.

तर मांडणी अशी:

- मोरचूदासाठी: प्लास्टिकची बादली किंवा बॅरल, मडकं, लाकडी पिंप. ढवळायला लाकडी दांडका किंवा पीव्हीसी पाइप, लोखंडी सळई नाही.
- कळीचा चुना विरवायला: लोखंडी घमेलं किंवा कापलेला पत्र्याचा डबा. निवल्यावर प्लास्टिकमध्ये.
- एकत्र करायला: २०० लिटरचा प्लास्टिक बॅरल.
- शिवाय दोन जुने सुती पंचे गाळायला, सामूचा (पीएचचा) कागद, वजनकाटा, आणि साधे लोखंडी खिळे दोन-चार.

सावधान: डोळ्यांना गॉगल, हाताला रबरी मोजे, हे चुना विरवण्याआधी घालायचे. चुना किंवा मोरचूदाचा थेंब डोळ्यात गेला तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून धुवा आणि मग थेट दवाखाना गाठा.

## ३. बाटलीत मोजून बघा: ही पायरी कुणी करत नाही

"एकास एक" हा आकडा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना. रसायनाच्या हिशोबाने १ किलो मोरचूदातलं सगळं तांबं, साधारण २५४ ग्रॅम, बांधायला शुद्ध विरवलेला चुना सुमारे ३०० ग्रॅम पुरतो. शुद्ध कळीचा चुना तर २२५ ग्रॅमच्या आसपास. बाकीचा चुना आपण अशुद्धीची भरपाई म्हणून घालतो. पण अशुद्धी किती, हे पोत्यागणिक बदलतं. म्हणून वजनावर जाऊ नका. या पोत्याला किती लागतो ते काढा.

अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद विरघळवा. दुसऱ्या अर्ध्या लिटरात तुमचा चुना १० ग्रॅम कालवा. आता चुन्याचं पाणी दर वेळी ढवळून ५० मिली मोजा, मोरचूदात ओता, हलवा, आणि तीन-चार मिनिटं थांबून वरच्या निवळीत सामूचा कागद बुडवा. सुरुवातीला सामू ७ च्या बराच खाली असेल. तांब्याच्या आयनामुळे मोरचूदाचं पाणी मुळात आम्लधर्मी असतं. कागदाने ७ च्या वर दाखवलं की किती मिली लागले ते लिहून ठेवा.

समजा २०० मिली लागले. म्हणजे ४ ग्रॅम चुना, १० ग्रॅम मोरचूदाला. तुमच्या या पोत्याचं प्रमाण १ किलोला ४०० ग्रॅम. दुसऱ्या एखाद्या पोत्याचं ७०० निघेल. अर्धा लिटर सगळं संपलं आणि तरी सामू ७ वर आला नाही, तर तो चुना बागेत नेऊ नका.

थांबणं इथे महत्त्वाचं आहे. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, म्हणून त्याचे हायड्रॉक्साइड आयन हळूहळू सुटतात. लगेच कागद बुडवला की सामू कमी दिसतो, आपण आणखी ओततो, आणि दहा मिनिटांनी कळतं की चुना जास्त झाला.

## ४. मोरचूद विरघळवा

१ किलो मोरचूद सुती कापडाच्या सैल पुरचुंडीत बांधा. बॅरलमध्ये किंवा मोठ्या बादलीत निदान १५-२० लिटर पाणी घेऊन ती पुरचुंडी पाण्याच्या वरच्या थरात, जेमतेम बुडेल अशी लटकवा. मोरचूद विरघळलेलं पाणी जड होऊन खाली बसतं आणि ताजं पाणी आपोआप खड्यांपर्यंत येतं. खडे तळाशी टाकले तर त्यांच्याभोवती दाट द्रावण साचतं आणि दोन तास ढवळलं तरी खडे तसेच. रात्री लटकवून ठेवलं तर सकाळी काम तयार. घाई असेल तर थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, पण पुढच्या पायरीआधी ते पूर्ण निवू द्या.

पाणी कुठलं, हेही बघा. म्हैसाळच्या कालव्याचं पाणी आणि जत-कवठे महांकाळकडच्या बोअरचं पाणी यांत फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसोबत बायकार्बोनेटचे ऋण आयन असतात. मोरचूद विरघळताना निळसर-हिरवट गढूळपणा दिसला तर समजा काही तांबं आत्ताच बांधलं जातंय. मिश्रण वाया जात नाही, पण चुना कमी लागेल. तिसऱ्या पायरीची चाचणी ज्या पाण्यात मिश्रण करणार त्याच पाण्यात करायची ती यासाठी.

*तपासणी:* द्रावण ग्लासात घेऊन उजेडात धरा. तळाशी एकही खडा नको. न विरघळलेला खडा पुढे चुन्यात गेला की त्यावर साक्याचं कवच चढतं, आतलं मोरचूद तसंच राहतं, आणि नंतर ते पंपात किंवा पानावर फुटतं. पानावर सुटे ठिपके-ठिपके जळालेले दिसतात त्यातले काही याच खड्यांचे असतात.

## ५. चुना विरवा

घमेल्यात ढेकळं घ्या आणि पाणी शिंपडत जा, थोडं थोडं. चुना फुगतो, फुटतो, वाफ सोडतो. कॅल्शियम ऑक्साइड पाण्याशी संयोग पावताना इतकी उष्णता देतो की पाणी उकळायला लागतं. एकदम बादलीभर ओतलं तर उसळून अंगावर येतं. बंद झाकणाच्या कॅनमध्ये तर कधीच नको. ढेकळांचं पीठ झालं की पाणी घालून पातळ लापशीसारखं करा, पंच्यातून गाळा. खडे, वाळू, कोळशाचे कण वर राहतील ते फेका. नोझल तुंबण्याच्या तक्रारीतली निम्मी कारणं या पंच्यात अडकतात.

बाजारातली विरवलेली फक्की असेल तर उष्णता नाही, थेट कालवून गाळायची.

आता थांबा, चुना पूर्ण निवू द्या. गरम चुन्यात मोरचूद ओतलं तर आकाशी तांब्याचं हायड्रॉक्साइड पाणी सोडून काळपट ऑक्साइड व्हायला लागतं. मिश्रण राखाडी-काळं दिसलं की समजा चुना गरम होता. ते मिश्रण पुन्हा निळं होत नाही. त्यातलं तांबं पानाला नीट चिकटतही नाही.

## ६. एकत्र करा: पातळात पातळ

चाचणीत जेवढा चुना निघाला त्याच्या साधारण १० टक्के चुन्याचं पाणी बाजूला राखून ठेवा. उरलेलं चुन्याचं पाणी मोठ्या बॅरलमध्ये घालून ५० लिटरपर्यंत पातळ करा. मोरचूदाचं द्रावणही ५० लिटरपर्यंत पातळ करा. मग मोरचूद चुन्यात, बारीक धारेने, आणि दुसऱ्या माणसाने सतत ढवळत राहायचं. दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या बॅरलमध्ये सोडणारेही आहेत. तेही चालतं, फक्त दोघांचा वेग सारखा हवा.

मोरचूद चुन्यात ओतताना तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती हायड्रॉक्साइड भरपूर असतात, म्हणून साका अगदी बारीक, जेलीसारखा, पाण्यात तरंगणारा बनतो. चुना मोरचूदात ओतला तर सुरुवातीला तांबं जास्त आणि हायड्रॉक्साइड कमी असा काळ जातो. त्यात सल्फेटही सोबत अडकलेला भरड साका पडतो, तो लवकर तळाला बसतो आणि पानाला कमी चिकटतो.

याहून वाईट म्हणजे दोन्ही दाट असताना एकत्र करणं आणि मग वरून पाणी ओतून १०० लिटर करणं. दाटात दाट मिसळल्यावर दह्यासारख्या गाठी होतात, आणि कितीही पाणी घातलं तरी त्या गाठीच राहतात. वेळ वाचवायला हे सर्रास केलं जातं. एचटीपी (जास्त दाबाच्या) फवारणी पंपाची जाळी दर दोन ओळींनंतर काढायला लागत असेल तर आधी इथे बघा.

*तपासणी:* ग्लासभर मिश्रण घेऊन पाच-दहा मिनिटं ठेवा. चांगलं मिश्रण आकाशी, दुधट दिसतं आणि फार सावकाश निवळतं. पाच मिनिटांत वर स्वच्छ पाणी आणि खाली भरड थर असं झालं तर साका मोठ्या कणांचा आहे.

## ७. तपासल्याशिवाय पंपात भरू नका

खिळा. साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, पुसा, बोट लावू नका. आधी एक खिळा नुसत्या मोरचूदाच्या पाण्यात धरा, म्हणजे नापास कसं दिसतं हे डोळ्यांना कळेल. चकाकी आधी मंदावते, मग टोकाकडून विटकरी-लालसर रंग चढायला लागतो. हे लोखंडावर बसलेलं तांबं, म्हणजे लोखंडी बादलीत जे घडतं तेच. आता दुसरा चकचकीत खिळा मिश्रणात मिनिटभर धरा, स्वच्छ पाण्यात बुचकळा आणि उन्हात बघा. लालसर झाक असली की मोकळं तांबं शिल्लक आहे. राखून ठेवलेल्या चुन्याचं पाणी थोडं घाला, ढवळा, चार मिनिटं थांबा, नवा खिळा घ्या.

या चाचणीला फसवणारे तीन प्रकार आहेत. पहिला, स्टेनलेस स्टीलचा चाकू: त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर असतो, तांबं बसत नाही, आणि मिश्रण पास झाल्यासारखं वाटतं. दुसरा, जस्ताचा मुलामा असलेला राखाडी खिळा: त्यावर तांबं लाल न दिसता काळपट डाग होऊन येतं आणि माणूस म्हणतो "लाल कुठंय?" तिसरा, तेलकट किंवा गंजका विळा. बांधावर हाताशी विळाच असतो हे खरं, पण मग त्याची धार दगडावर घासून घ्या, नाहीतर चाचणीचा उपयोग नाही.

सामू. निवळीत कागद बुडवा. ७ च्या खाली नको, ७ ते ८ च्या दरम्यान उत्तम. खिळा फक्त कमी चुना पकडतो. जास्त चुन्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

हळद. सामूचा कागद संपला असेल तर सांगलीत हळदीला काय तोटा! टिपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा आणि निवळीचा थेंब टाका. पिवळा राहिला तर चुना फार जास्त नाही. लालसर-तपकिरी झाला तर सामू साधारण ८.५ च्या पुढे गेला. मात्र हळद आम्लाला ओळखत नाही, कमी चुन्यालाही पिवळीच राहते. म्हणून हळद एकटी चालत नाही, सोबत खिळा हवाच.

चुना जास्त झाला तर पान लगेच जळत नाही, म्हणून लोक "जास्तच बरा" म्हणतात. पण जास्त चुन्याच्या थरात तांबं फार घट्ट बांधलं जातं, सुटायला उशीर लागतो, आणि डाउनीचा बीजाणू तेवढं थांबत नाही. ओल्या पानावर त्याला थोडे तास पुरतात. "बोर्डो मारलं तरी डाउनी आला" या तक्रारीत हे एक कारण. दुसरं कारण असं की बोर्डो रोग येण्याआधी काम करतं. बुरशी पानाच्या आत शिरल्यावर वरचा थर तिला गाठू शकत नाही.

## ८. फवारणी

केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. रात्रभरात साक्याचे कण मोठे होतात, चिकटपणा जातो. पंप चालू असताना ढवळणी चालू ठेवा.

पान पटकन वाळेल अशी वेळ निवडा. पानावर थेंब जितका वेळ ओला, तितकं तांबं विरघळून आत शिरायला वेळ मिळतो. ढगाळ, दमट, दव न सुकलेली सकाळ ही म्हणूनच वाईट वेळ. तीच माणसं, तेच मिश्रण, पण पहाटे फवारलेल्या ओळी करपतात आणि दहा वाजता फवारलेल्या ठीक राहतात.

बॅरलमध्ये आणखी काय मिसळू नये, याचं उत्तरही आयनांतच आहे:

- फॉस्फरस आम्लाची किंवा फॉसेटिलची औषधं: ती आम्लधर्मी आहेत. हायड्रॉक्साइड खातात आणि बांधलेलं तांबं मोकळं करतात. पान जाळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. लागोपाठच्या फवारण्यांतही अंतर ठेवा, कारण तांबं पानावर असतंच.
- चुना-गंधकाचा काढा: त्यातला सल्फाइड तांब्याला काळा साका करून टाकतो. दोन्ही वाया.
- अमिनो आम्लं, चिलेटेड खतं: तांब्याला धरून विरघळलेलं ठेवतात. ते नको तिथे पोचतं.
- अल्कलीत टिकत नाहीत अशी कीटकनाशकं: चुन्यात ती तुटतात. लेबल वाचा, "अल्कधर्मी औषधांसोबत मिसळू नये" असं लिहिलेलं असतं.

"थोडंसंच घातलंय" म्हणून मिसळणाऱ्यांनी आधी ते थोडंसं ग्लासभर मिश्रणात घालून पुन्हा चकचकीत खिळा धरावा. लाल झाला तर उत्तर मिळालं.

घडात मणी दिसायला लागल्यावर बोर्डो टाळा. निळसर डाग राहतात आणि व्यापारी भाव पाडतो. निर्यातीची बाग असेल तर आधी निर्यातदाराकडून चालणाऱ्या औषधांची यादी घ्या.

## ९. पंप धुणं, उरलेलं, साठवण

पंप, होज, नोझल स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. नोझलमध्ये निळा थर घट्ट बसला असेल तर तो व्हिनेगरच्या पातळ पाण्यात भिजवा. आम्ल हायड्रॉक्साइड काढून घेतं आणि तांबं विरघळून येतं. पण ते पाणी म्हणजे पुन्हा मोकळं तांबं, म्हणून त्यानंतर पंपातून साधं पाणी भरपूर जाऊ द्या. नाहीतर पुढच्या औषधाच्या पहिल्या चार झाडांना त्याचा प्रसाद मिळतो.

धुवण विहिरीत, ओढ्यात, मासे सोडलेल्या शेततळ्यात जाता कामा नये. तांब्याचा आयन माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतो. उरलेलं मिश्रण आणखी पातळ करून बागेतच, पसरवून संपवा. एकाच कोपऱ्यात दरवर्षी ओतू नका. कीटकनाशकाचा रेणू कधीतरी तुटतो, तांबं मात्र मूलद्रव्य आहे. ते तुटत नाही, मातीत साठत जातं.

उरलेला मोरचूद जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवा, लोखंडी पेटीत नाही. डब्यावर ठळक नाव लिहा आणि कुलूप लावा. ते निळे खडे लहान मुलाला खडीसाखरेसारखे दिसतात. चुन्याचं पोतं जाड पिशवीत हवा काढून बांधा, बाहेर उघडल्याची तारीख टाका. पुढच्या वेळी ते पोतं वापरण्याआधी लिंबू आणि बाटलीची चाचणी पुन्हा करायची, मागचा आकडा धरायचा नाही.